पहिला क्लिक माफ!

ऑफिसात नवीन लागलेल्या माणसाला दोन गोष्टी कुणीच शिकवत नाही. कॉफी मशीनचं कुठलं बटण दाबायचं नाही, ही एक. आणि माइनस्वीपरमधल्या त्या रंगीत आकड्यांचा अर्थ काय, ही दुसरी.

हसू नका. विंडोज नाइन्टीएट किंवा एक्सपीच्या जमान्यात ज्यांनी पहिली नोकरी धरली, अशा कुणालाही कॅन्टीनमध्ये गाठा आणि हळूच विचारा. कबूल करतील की ‘तो बॉम्बचा गेम’ आपण वर्षानुवर्षं अंदाजपंचे खेळलो. टकाटक क्लिक करायचं, बॉम्ब फुटला की त्या पिवळ्या तोंडावर टिचकी मारायची, की पुन्हा सुरू! मीही त्यातलाच. सॉलिटेअर यायचं, कारण पत्ते आजीने शिकवले होते. माइनस्वीपर शिकवणारी आजी कुणाच्याच घरात नव्हती.

मला शिकवलं काकांनी.

साल २००४, महिना जुलै. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून अंधेरी. छत्री गळकी, गळ्यातलं आयकार्ड मात्र कोरं करकरीत आणि त्यावर पोस्ट ‘ट्रेनी’! आमची कंपनी कारखान्यांना पॅकिंगचं सामान पुरवायची. क्लायंटला रेट पाठवणं हे माझं काम. आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कोटेशनवर एकदा नजर फिरवून सही करणं हे काकांचं. त्यांना सगळं ऑफिस काकाच म्हणायचं, अगदी बॉससुद्धा. दारातून आत शिरलं की थेट टोकाला, डावीकडच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल. एसीचं पाणी नेमकं तिथेच ठिबकायचं. खाली एक बादली ठेवलेली असायची.

लंच टाइम पाऊण तासाचा. काका वीस मिनिटांत पोळीभाजीचा डबा संपवायचे, हात धुऊन यायचे आणि उरलेली पंचवीस मिनिटं माइनस्वीपर. एक दिवस माझ्या स्क्रीनवर फुटलेले बॉम्ब बघून त्यांना राहवलं नाही. म्हणाले, ‘‘अरे, हा काय मटका लावतोयस? खुर्ची घे इकडे.’’

काकांचा क्रॅश कोर्स

आकडा म्हणजे त्या घराला चिकटलेल्या आठ घरांत मिळून किती बॉम्ब आहेत, त्याची मोजदाद. झालं. मूळ नियम एवढाच. बाकी सगळं मात्र न लिहिलेलं, खेळून खेळून हाताला कळणारं. काकांनी मला दिलं ते हे दुसरं.

पहिलं, माउसची दोन्ही बटणं एकदम दाबायची. आकड्याभोवती तेवढे झेंडे लावून झाले असतील तर बाकीची घरं एका झटक्यात उघडतात. हे म्हणे हेल्पमध्ये लिहिलेलं होतं. पण हेल्प उघडणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

दुसरं, जिंकायला एकही झेंडा लावावा लागत नाही! बॉम्ब नसलेली सगळी घरं उघडली की गेम तुमचा. मग उरलेले झेंडे प्रोग्राम स्वतःच लावून टाकतो आणि पिवळं तोंड गॉगल चढवतं. मी मात्र झेंडे लावण्यात अर्धा वेळ घालवायचो. ‘‘कामापेक्षा फाइलिंग जास्त करतोस तू,’’ इति काका.

तिसरं, झेंडा चुकला तर गेम तुम्हाला सांगत नाही. बॉम्बपेक्षा जास्त झेंडे लावलेत तरी अडवत नाही. वरचा काउंटर मुकाट्याने शून्याच्या खाली जातो, उणे एक, उणे दोन... चूक कळते ती धडाम झाल्यावरच.

चौथं, भिंतीसारख्या सरळ बंद रांगेला लागून १-२-१ असे आकडे आले तर दोन्ही १ च्या समोर बॉम्ब, आणि २ च्या समोरचं घर बिनधास्त उघडायचं. १-२-२-१ आले तर बॉम्ब दोन्ही २ च्या समोर. पाढ्यासारखं पाठ करायचं, विचार करत बसायचं नाही.

पाचवं, घड्याळ शून्यापासून सुरू होत नाही. पहिला क्लिक केलात की थेट १ दिसतो. म्हणजे तुम्ही कितीही मोठे तीसमारखाँ असा, एकापेक्षा कमी सेकंद लागणं शक्यच नाही.

सहावं, कधी कधी शेवटी दोन घरं उरतात आणि बॉम्ब एकच. कुठलाही आकडा तुम्हाला मदत करत नाही. तिथे डोकं खाजवत बसण्यात अर्थ नसतो, सरळ छापा-काटा. पण अशी जागा जर डावाच्या सुरुवातीलाच दिसली, तर पैज तेव्हाच लावून मोकळं व्हायचं. ‘‘मरायचंच असेल तर दहाव्या सेकंदाला मरावं. दोनशेव्या सेकंदाला मेलं की लंच टाइम वाया जातो.’’

आणि सातवं, सगळ्यांत महत्त्वाचं. एस्केपचं बटण! बॉस येताना दिसला की एस्केप दाबायचं. गेम सर्रकन खाली जातो आणि घड्याळही थांबतं. ज्या कुणी हे बनवलं त्याला ऑफिसातली माणसं नीट माहीत होती, यात शंका नाही.

थोरामोठ्यांची व्यसनं

बनवलं होतं रॉबर्ट डोनर आणि कर्ट जॉन्सन या मायक्रोसॉफ्टमधल्या दोघांनी. १९९० साली विंडोजच्या एंटरटेनमेंट पॅकमध्ये हा गेम वेगळा विकत मिळायचा. १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर तो फुकट आला आणि जगभरातल्या ऑफिसांच्या दुपारी बदलून गेल्या.

व्यसन कुणाला चुकलंय? खुद्द बिल गेट्सना इतकं लागलं होतं की त्यांनी आपल्या कम्प्युटरवरून गेम काढून टाकला. मग काय, कंपनीचे तेव्हाचे प्रेसिडेंट माइक हॉलमन यांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्या मशीनवर खेळायचे! गेट्सनी तिथे रेकॉर्ड केलं, तेव्हा हाताखालच्या एकाने ते मोडायला चक्क कम्प्युटरलाच खेळायला बसवलं आणि एका सेकंदाचं रेकॉर्ड लावून दिलं. काकांचा पाचवा नियम आठवा. त्याच्या खाली जाणं गेट्सनाही शक्य नव्हतं. हा सगळा किस्सा काइल ऑरलंड यांनी या गेमवर लिहिलेल्या २०२३ च्या पुस्तकात आहे.

आणि हा टाइमपास आहे असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीतले गणिती रिचर्ड के यांनी २००० साली सिद्ध केलं, की दिलेल्या आकड्यांना जुळेल अशी बॉम्बची मांडणी मुळात शक्य आहे का, हा प्रश्न गणितातल्या सर्वांत अवघड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या पंगतीत बसतो. पट कितीही मोठा असला तरी झटपट उत्तर देणारी हमखास युक्ती तुम्हाला सापडली, तर क्ले इन्स्टिट्यूटने त्याच वर्षी जाहीर केलेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस तुमचं. तेव्हा लंच टाइममध्ये खेळताना पकडले गेलात तर ‘रिसर्च चालू आहे’ म्हणायला हरकत नाही.

जादूचा मंत्र

आता मुद्द्याचं.

तेव्हा ऑफिसच्या मेलवर फॉरवर्ड्सचा पूर यायचा. दहा जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल टाइपचे. त्यात एकदा एक कामाचा फॉरवर्ड आला. माइनस्वीपर उघडा, एक्स-वाय-झेड-झेड-वाय असं टाइप करा आणि मग शिफ्ट-एंटर. हा शब्द सत्तरच्या दशकातल्या एका जुन्या गुहेच्या गेममधला जादूचा मंत्र आहे, तिथून उचललेला. मंत्र मारला की सगळ्या स्क्रीनच्या अगदी वरच्या डाव्या टोकाला एक ठिपका उमटतो. सुईच्या टोकाएवढा, एकच पिक्सेल. कर्सर ज्या घरावर असेल तिथे बॉम्ब नसला तर ठिपका पांढरा, असला तर काळा. एक्सपीपर्यंतच्या आवृत्त्यांत ही चोरवाट होती.

मला आधीपासून एक कुतूहल होतं. एवढे डाव खेळलो, पण पहिल्याच क्लिकला बॉम्ब कधी फुटला नाही. एकदाही नाही. नशीब एवढं चांगलं कसं? आता तपासायला हत्यार मिळालं होतं. एका संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर बसलो. नवा डाव लावला. एकही क्लिक न करता कर्सर फिरवत राहिलो आणि जिथे ठिपका काळा झाला त्याच घरावर मुद्दाम क्लिक केलं.

फुटला नाही. घर शांतपणे उघडलं, त्यात आकडा होता. मग तिथला बॉम्ब गेला कुठे?

मी पुन्हा नवा डाव लावला. या वेळी आधी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या घरावर कर्सर नेऊन पाहिलं. ठिपका पांढरा, म्हणजे घर सेफ. मग दुसरीकडे काळा ठिपका शोधून त्यावर क्लिक केलं. नंतर परत कोपऱ्यावर गेलो.

काळा.

मी दहा-बारा डाव तसेच करून पाहिले. दर वेळी तेच. तर नियम असा आहे, राव. पहिल्या क्लिकखाली बॉम्ब असेल तर गेम तुम्हाला माफ करतो. पण बॉम्ब नाहीसा होत नाही. तो गुपचूप उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या घरात नेऊन ठेवला जातो. तिथे आधीच एक असेल तर त्याच्या पुढच्या रिकाम्या घरात.

मी कागदावर हिशेब मांडला. एक्स्पर्ट लेव्हलला ४८० घरं आणि ९९ बॉम्ब. म्हणजे कुठल्याही घरात बॉम्ब असण्याची शक्यता साधारण २१ टक्के. पण त्या कोपऱ्यातल्या घराचं तसं नाही. शंभर डावांपैकी एकवीस वेळा त्याचा स्वतःचा बॉम्ब असतोच. शिवाय आणखी सोळा वेळा दुसऱ्याच्या पहिल्या चुकीचा बॉम्ब तिथे येऊन पडतो. बेरीज ३७ टक्के! खेळणाऱ्याला पत्ताही नसतो. त्याला वाटतं, आपण लकी आहोत.

मी मान वर केली. समोर डाव्या कोपऱ्यात काकांचं टेबल होतं. कम्प्युटरवर प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं, खाली बादली. थेंब पडत होते.

माझा पहिला क्लिक

आता ते सांगतो जे आजवर कधी लिहिलं नाही.

नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात मी एक घोळ घातला होता. एका क्लायंटला रेट पाठवायचे होते, घाई होती. काका त्या दुपारी बँकेत गेले होते. मी त्यांची वाट न बघता एक्सेलची फाइल मेलला जोडली आणि सेंड मारलं. त्या फाइलमध्ये दुसरं एक शीट होतं. त्यात आमची खरेदीची किंमत होती. म्हणजे आम्ही किती कमावतो ते सगळं ताटात वाढून दिलं! अर्ध्या तासात क्लायंटचा फोन. मार्जिन कळलंय, आता मुकाट्याने भाव खाली आणा.

बॉसने केबिनमध्ये बोलावलं तेव्हा माझे पाय थरथरत होते. पण तो हसला. म्हणाला, ‘‘तिसराच आठवडा ना तुझा? जा. पहिली चूक माफ.’’ घरी सांगितलं तर आईने देवापुढे साखर ठेवली. पुढे कितीतरी पार्ट्यांमध्ये मी ‘माझा पहिला बॉस कसला ग्रेट होता’ म्हणून हा किस्सा रंगवून सांगितला.

मार्चमध्ये इन्क्रिमेंटची पाकिटं आली. दुपारी पॅन्ट्रीत आमचा प्यून चहा गाळता गाळता म्हणाला, ‘‘काकांना यंदा काहीच नाही. ते जुलैचं कोटेशनचं झेंगट. हेड ऑफिसला लेखी उत्तर द्यायला कुणाचं तरी नाव पाहिजे होतं ना. चेकिंग काकांकडे.’’

काकांनी ते कोटेशन पाहिलंच नव्हतं. हे दोघांनाच माहीत होतं, काकांना आणि मला. मी बॉसच्या केबिनपर्यंत गेलो. दार लोटलं नाही. पुढच्याच आठवड्यात माझं कन्फर्मेशनचं लेटर यायचं होतं. मी परत येऊन जागेवर बसलो. लंच टाइमला काकांनी नेहमीसारखी हाक मारली, ‘‘ये रे, एक डाव टाकू.’’ मी म्हटलं, ‘‘आज काम आहे, काका.’’

ठिपक्याचा तो प्रयोग त्यानंतर महिन्याभराने केला. तोवर मी स्वतःला सांगत होतो की मी काही केलेलं नाही. बरोबरच होतं. क्लिक करणारा काही करत नाही. बॉम्ब दुसरंच कुणीतरी उचलून ठेवतं.

२००९ मध्ये काका रिटायर झाले. शाल, श्रीफळ, सामोसे. मीही भाषण ठोकलं, काकांनी मला माइनस्वीपर शिकवला म्हणून. सगळे हसले. जे बोलायला हवं होतं ते राहिलंच.

आता माझ्याकडे माउस

मध्ये बरंच पाणी वाहून गेलं. व्हिस्टाने बॉम्बच्या जागी फुलांचा पर्याय दिला. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून हा गेम विंडोजबरोबर आपोआप येईनासा झाला. आता तो स्टोअरवरून उतरवून घ्यावा लागतो, वर जाहिराती बघाव्या लागतात. कंपनी बदलली, शहर तेच. आता टीम माझी आहे आणि केबिन नसली तरी लोक मला ‘सर’ म्हणतात.

गेल्या महिन्यात टीममधल्या एका नव्या मुलीने चुकीच्या क्लायंटला मेल पाठवली. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, ‘‘होतं गं असं. पहिलीच वेळ आहे, सोडून दे.’’ ती हसली, मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. हे वाटणं मोजून दहा मिनिटं टिकलं. मग वरून मेल आली. बाहेर जाण्याआधी हे कोणी तपासलं होतं? नाव कळवा.

आमच्याकडे तपासायचं काम एका सीनियर मॅडमकडे आहे. शांत बाई, कधी कुणाशी भांडण नाही. माझी बोटं कीबोर्डवर होती आणि त्यांच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइपही झाली होती. खोटं सांगत नाही. अगदी सहज, काही न वाटता झाली होती. तेव्हा कळलं, माझ्या त्या बॉसने काही फार कपट केलं नसणार. त्यालाही कुठेतरी ठेवायचा होता, आणि कोपरा रिकामा दिसला.

मी ती अक्षरं पुसली आणि माझं नाव लिहिलं. हिरोगिरी नाही हो. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या, ‘आज डायरेक्ट पाठव’ असं त्या मुलीला मीच सांगितलं होतं. अप्रेझलला काय व्हायचं ते होईल.

त्या रात्री काकांना फोन लावला. आता ते गावी असतात, कमी ऐकू येतं. मला दोनदा मोठ्याने बोलावं लागलं, आणि ही काही मोठ्याने बोलायची गोष्ट नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘तुला माहीत होतं, हे मला माहीत होतं रे. तू लंचला यायचा थांबलास ना, तेव्हाच कळलं.’’

मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, ‘‘तेव्हा येऊन सांगितलं असतंस तर इन्क्रिमेंट काही मिळालं नसतं. पण डबा एकट्याने खावा लागला नसता.’’

याला काय उत्तर देणार? मी गप्प राहिलो. मग त्यांनीच विचारलं, ‘‘एक्स्पर्टला बेस्ट टाइम किती आला तुझा?’’

‘‘एकशे अठ्ठ्याण्णव.’’

‘‘हळू आहेस,’’ म्हणाले आणि फोन ठेवला.

तर दोस्तहो, कुणाच्या जुन्या मशीनवर एक्सपी अजून चालू असेल तर एक डाव जरूर टाका. आणि काकांच्या सात नियमांना माझा हा आठवा जोडा. पहिला क्लिक कुठेही करा, पण वरच्या डाव्या कोपऱ्यातलं घर अंदाजाने कधीच उघडू नका. तिथे जे आहे ते बहुधा तुम्हीच पाठवलेलं असतं.